सात आसनांची एर्टिगा: पंधरा महिन्यांनंतरचा अभिप्राय आणि घरातला न मिटलेला वाद

ऑक्टोबर २०२४ मध्ये दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही मारुती सुझुकीची एर्टिगा घेतली. पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर बदलण्याची, झेडएक्सआय प्रकारची ही गाडी पंधरा महिन्यांत १९,४०० किलोमीटर चालली असून त्यातले निदान तीन चतुर्थांश अंतर मी चालवले आहे. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, गाडी किती मोठी असावी यावर आमच्या घरात सात महिने जो वाद चालला, त्यात रोज गाडी चालवणारी मी लहान गाडीच्या बाजूची होते आणि रविवारी चालवणारा माझा नवरा मोठ्या गाडीच्या बाजूचा. ‘सहकुटुंब प्रवासासाठी उत्तम’ एवढ्यावर थांबणारे अभिप्राय मी त्या काळात पुष्कळ वाचले. त्यांचा उपयोग झाला नाही, कारण आमचा खरा प्रश्न गाडी चांगली की वाईट हा नव्हताच.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि सासू-सासरे अशी सहा माणसे. २०१८ साली घेतलेली स्विफ्ट पाच जणांची होती आणि मुले लहान होती तोवर एकाला मांडीवर घेऊन निभावले, जे नियमाला धरून नव्हते आणि सुरक्षितही नव्हते. मुले वाढली तशी ही सोय बंद झाली. पुढे सगळ्यांनी मिळून कुठे जायचे ठरले की एक तर भाड्याची गाडी बोलवावी लागे, नाही तर दोघांनी बसने यावे लागे, आणि ते दोघे कोण हे न बोलताच ठरलेले असे. नवऱ्याचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल: “आई-बाबांना दर वेळी ‘तुम्ही मागून बसने या’ असं मी कोणत्या तोंडाने सांगू?” या वाक्यावर उत्तर नसते. तरीही मी मागल्या वर्षीची दिनदर्शिका काढली आणि पाचापेक्षा जास्त माणसे एकत्र निघाली असे दिवस मोजले. ते १९ भरले. उरलेल्या दिवसांत मी एकटी, फार तर मुलांसह, सातपूरला कामावर आणि तिथून घरी. १९ दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस मोठी गाडी फिरवायची आणि उभी करायची, हे मला पटत नव्हते.

वादाला वळण लागले ते पार्किंगमध्ये. आमच्या इमारतीत आमची जागा दोन खांबांच्या मध्ये आहे. खांबांमधले अंतर २.३० मीटर, मागच्या भिंतीपासून पुढच्या वाटेपर्यंतची लांबी ४.६० मीटर. एका रविवारी सकाळी मी मेजपट्टी आणि मुलांचे खडू घेऊन खाली गेले आणि जमिनीवर एकात एक असे चार आयत काढले: स्विफ्टचा ३८४० मिलीमीटर लांबीचा, रेनॉ ट्रायबरचा ३९९०, एर्टिगाचा ४३९५ आणि टोयोटा इनोव्हा क्रिस्टाचा ४७३५. पहारेकऱ्याला वाटले रांगोळीची तयारी चालली आहे. क्रिस्टाची रेघ खांब ओलांडून थेट समोरच्या काकांच्या स्कूटरखाली गेली आणि नवऱ्याचे तिच्याविषयीचे प्रेम तिथेच आटले. किआ कॅरेन्स ४५४० मिलीमीटर म्हणजे लांबीला कशीबशी मावली असती, पण रुंदी १८०० असल्यामुळे एका बाजूचे दार उघडून बाहेर पडणे हा रोजचा व्यायाम झाला असता.

मात्र माझीही एक समजूत त्याच सकाळी खोटी ठरली. एर्टिगा ‘अंगाने’ मोठी आहे असे मी सतत म्हणत होते. प्रत्यक्षात तिची रुंदी १७३५ मिलीमीटर आहे आणि आमच्या स्विफ्टचीही नेमकी तेवढीच. वाढते ती लांबी, साधारण ५५ सेंटीमीटर, आणि वळणासाठी लागणारी त्रिज्या ४.८ वरून ५.२ मीटरवर जाते. ज्या गल्लीतून स्विफ्ट जाते तिथून एर्टिगाही जाते. अडचण गल्लीच्या टोकाला वळताना आणि दोन गाड्यांच्या मध्ये लावताना येते. हा फरक आम्हाला कोणत्याही विक्रेत्याने सांगितला नाही. आम्ही चार दालने पाहिली. त्यांतल्या एकात, ज्याचे नाव मी देत नाही, विक्रेता पाऊण तास इंजिनाविषयी नवऱ्याशीच बोलत राहिला आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, रंग तुम्ही सांगा.” गाडी मी चालवणार आहे हे सांगितल्यावर त्याने आसनांच्या कव्हरांचे नमुने पुढे केले.

मधला तोडगा म्हणून ट्रायबरचा विचार आम्ही मनापासून केला, आणि ज्यांच्या घरी हाच वाद चालू असेल त्यांनीही तो करावा. चार मीटरच्या आत बसणाऱ्या या गाडीत सात आसने आहेत आणि शेवटची दोन आसने पूर्ण काढून घरात ठेवता येतात. ती काढली की सामानाला ६२५ लिटर जागा मिळते. सातही आसने लावली तर मात्र ८४ लिटर उरते, म्हणजे दप्तरे आणि डब्याच्या पिशव्या. तिचे ९९९ सीसीचे, ७२ अश्वशक्तीचे इंजिन शहरात मला पुरेसे वाटले. आमच्या घरी दर वर्षी सप्तशृंगी गडावर सगळ्यांनी जाण्याचा रिवाज आहे आणि नांदुरीपासूनचा तो घाट भरल्या गाडीने चढायचा या एका विचाराने आम्ही मागे फिरलो. वर्षातल्या एका घाटासाठी आपण गाडी बदलतो आहोत, हे तेव्हा माझ्या लक्षात आले होते आणि मी ते बोलूनही दाखवले होते.

आता एर्टिगाविषयी. तिचे सर्वांत मोठे गुण सासूबाईंच्या गुडघ्यांना कळले. मधल्या रांगेचे आसन खुर्चीच्या उंचीचे आहे, गाडीचा तळ फार उंच नाही, त्यामुळे पाय उचलून चढावेही लागत नाही आणि खाली वाकून बसावेही लागत नाही. उंच एसयूव्ही पाहताना त्यांना दाराच्या वरच्या दांडीला लोंबकळावे लागले होते. मधली रांग पुढे-मागे सरकते, तिची पाठ कलते आणि थंड हवेसाठी छतात वेगळी सोय आहे. नाशिक ते ठाणे या प्रवासात सासरे कसारा घाट येईपर्यंत झोपलेले असतात, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला माहीत नाही.

तिसरी रांग ही मुलांची जागा आहे, हे मान्य करूनच गाडी घ्यावी. मधले आसन पुढे सरकवून त्या फटीतून मागे जायचे असते. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला त्याला तीन सेकंद लागतात आणि माझ्या भावाला, जो पावणेसहा फूट आहे, दोन प्रयत्न. तो इगतपुरीपर्यंत बसला, पण गुडघे छातीशी घेऊन. मुलांनी मागच्या जागेला ‘बाल्कनी’ असे नाव दिले असून तिथे कोण बसणार यावरची भांडणे हा या गाडीचा आवाज मानायला हरकत नाही.

आमच्या दोघांच्याही वादात जो मुद्दा कोणीच मांडला नव्हता, तो सामानाचा. सातही आसने उभी असताना एर्टिगाच्या मागे २०९ लिटर जागा उरते. आमच्या जुन्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची होती. म्हणजे जी गाडी ‘मोठी’ म्हणून घेतली, तिच्यात सगळी माणसे बसवल्यावर सामानाला लहान गाडीपेक्षाही कमी जागा आहे. प्रत्यक्षात तिथे एक मध्यम चाकांची बॅग उभी राहते, तिला टेकून एक लहान बॅग आणि फटींत चपला व पाण्याच्या बाटल्या. मागचे दार लावताना कोणाला तरी बॅग आत दाबून धरावी लागते. तिसरी रांग पूर्ण आडवी केली की हीच जागा ५५० लिटर होते आणि मग पाच जणांचे आठवड्याचे सामान हसत मावते. थोडक्यात, सात माणसे किंवा पाच माणसांचे सामान, दोन्हींपैकी एक निवडायचे. सात जण मुक्कामाला जाणार असतील तर ही गाडी अपुरी आहे आणि हे घेण्याआधी समजलेले बरे.

आमच्या सहा जणांना यातून जी वाट सापडली ती तिसऱ्या रांगेच्या निम्म्या-निम्म्या विभागणीमुळे. दोन आसनांपैकी एक आडवे करायचे, तिथे बॅगा रचायच्या आणि दुसऱ्यावर एका मुलाला बसवायचे. आजी-आजोबा आणि दुसरे मूल मधल्या रांगेत. घरात सहा माणसे असणाऱ्यांना ही गाडी जितकी सोयीची पडते तितकी ती सात जणांना पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१४६२ सीसीचे इंजिन शांत आणि सरळ स्वभावाचे आहे. त्याचा कमाल टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, १३६.८ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला ४४०० फेऱ्यांना मिळतो, त्यामुळे भरल्या गाडीने घाट चढताना वरच्या गिअरमध्ये रेंगाळून चालत नाही. दुसरा गिअर वेळेवर घालावा लागतो आणि इंजिनाला थोडे ओरडू द्यावे लागते. गडाच्या घाटात आम्ही सहा जण आणि नवऱ्याची आत्या असे सात होतो. गाडी कुठेही अडली नाही, पण ओव्हरटेक करण्याचा विचार मी नांदुरीलाच सोडून दिला होता. कंपनीचा दावा लिटरला २०.५१ किलोमीटरचा आहे. मला शहरात १३ ते १४ आणि महामार्गावर १८ च्या आसपास मिळतात. सीएनजीचा पर्याय आम्ही नाकारला, कारण टाकी मागच्या जागेतच बसते आणि त्या २०९ लिटरांची कथा वर आलीच आहे.

सुरक्षिततेविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१९ मध्ये एर्टिगाला पाचपैकी तीन तारे मिळाले होते. २०२४ मध्ये आफ्रिकेतील बाजारासाठीची एर्टिगा तपासली गेली तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला. आमच्या गाडीत सहा एअरबॅग नाहीत. २०२५ मध्ये सर्व प्रकारांत सहा एअरबॅग देण्यात आल्या, तेव्हा आज घेणाऱ्याला आमच्यापेक्षा बरी गाडी मिळते. तारे हाच ज्यांचा पहिला निकष असेल, त्यांनी दुसरीकडे पाहावे.

खर्चाच्या बाबतीत मात्र आज घेणाऱ्या जोडप्यांचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा ठरेल. चार मीटरची लांबी ही आपल्याकडे नुसती लांबी नाही, ती कराची रेघ आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कमी कर लागत आला. एर्टिगा लांबीनेही या रेघेबाहेर आहे आणि इंजिनानेही. आम्ही घेतली तेव्हा उपकरासह लहान गाडीवर २९ टक्के आणि एर्टिगावर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमकी घटस्थापना होती, नवे दर लागू झाले: लहान गाडीवर १८, एर्टिगावर ४०. दोन्ही स्वस्त झाल्या, पण दोघींमधले अंतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेले. लहान गाडीची बाजू मांडणाऱ्यांच्या हाती हा चांगला मुद्दा आला आहे. मला तो वर्षभर उशिरा मिळाला. शिवाय गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रस्ता कर ११ ऐवजी १२ टक्के बसतो, तोही आम्ही भरला.

गाडी आल्यापासून मी पुढच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. पंधरा महिन्यांत तिसऱ्या रांगेत कोणी ना कोणी बसले असे दिवस ४१ आणि सातही आसने भरली असे दिवस ६. एर्टिगा नव्हती तेव्हाच्या वर्षातल्या १९ दिवसांशी तुलना करता नवरा म्हणतो की जागा होती म्हणून आपण जास्त वेळा एकत्र गेलो, आणि हे मला नाकारता येत नाही. माझे म्हणणे असे की उरलेल्या चारशेहून अधिक दिवसांत रविवार कारंज्याकडे जायचे झाले की मी किल्ली खुंटीवर ठेवून स्कूटर काढते, आणि हे त्याला नाकारता येत नाही. सिंहस्थासाठी नाशकात जे पाहुणे येणार आहेत त्यांची नावे तो आत्ताच मोजू लागला आहे.

पार्किंगमध्ये मी गाडी डाव्या खांबाला चिकटवून लावते, मागे भिंत, पुढे वाट, आणि इतर सगळ्यांना आधी बाहेर उतरवते. अजून एकही ओरखडा नाही. सामानाची अडचण सुटावी म्हणून छतावर कॅरियर बसवावे असा नवऱ्याचा ताजा प्रस्ताव आहे. गाडीची उंची १६९० मिलीमीटर आहे. पार्किंगच्या तुळईची उंची मी कालच मोजून वहीत लिहून ठेवली आहे.