हडप्पा शिकवायला व्हीआर गॉगल घ्यावेत की व्हिज्युअलायझर?

सहावीला हडप्पा संस्कृतीचा धडा आहे, शाळेकडे थोडा निधी आला आहे आणि त्यात एकच वस्तू बसते, हा पेच हल्ली अनेक शिक्षकांपुढे असतो. एकीकडे व्हीआर गॉगल, म्हणजे मोबाइल बसवून डोळ्यांना लावले की आपण त्या जागीच उभे आहोत असं भासवणारे. दुसरीकडे व्हिज्युअलायझर, म्हणजे टेबलावरची वस्तू मोठी करून पडद्यावर दाखवणारा कॅमेरा. मी हा धडा दोन्हींच्या मदतीने घेतला आहे. किंमत, वॉरंटी, मेगापिक्सेल हे दुकानदार सांगेलच, त्यामुळे मी वर्गात काय घडतं तेवढंच सांगतो.

गॉगलचं खरं बळ आकारमान दाखवण्यात आहे. मोहेंजोदडोच्या विहिरी घ्या. उत्खननात भोवतालची माती निघून गेली आणि विटांच्या त्या गोल विहिरी धुराड्यासारख्या उंच उभ्या राहिल्या. पुस्तकातलं छायाचित्र बघून मुलांना ती विहीर वाटतच नाही. गॉगल लावून तिच्या पायथ्याशी उभं राहिलं की मान वर करावी लागते. मग एका वस्तीवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी पातळी चढत गेली आणि लोक विहिरीचं तोंडही वर बांधत नेत राहिले, हे न सांगता उमगतं. या एका गोष्टीसाठी मला गॉगल आजही आवडतात.

अडचण वेगळीच आहे. गॉगल घातलेलं मूल काय बघतंय, ते मला दिसत नाही. मूल विचारतं, "सर, ते मागे उभं आहे ते काय?" मागे म्हणजे कुणाच्या मागे? कोपऱ्यात की भिंतीवर? मी गॉगल मागून घेऊन स्वतः लावेपर्यंत दृश्य पुढे सरकलेलं असतं आणि प्रश्न तिथेच विरतो. माझं सगळं शिकवणं "हे बघा" या दोन शब्दांवर चालतं, आणि गॉगलमध्ये मला कशावरही बोट ठेवता येत नाही. गूगलच्या एक्स्पिडिशन्स ॲपमध्ये शिक्षकाला आपल्या टॅबवरून मुलांना एखादी जागा दाखवता येत असे, कोण कुठे बघतंय तेही कळत असे. ते ॲप 2021 मध्ये बंद झालं. तशी सोय असलेले संच आजही मिळतात, पण आमच्यासारख्या शाळेच्या आवाक्याबाहेर आहेत.

बोट ठेवता न येण्याचं नुकसान वरवर वाटतं त्याहून मोठं आहे. मी गॉगलमधून दाखवलेल्या एका चित्रफितीत सिंहासनावर बसलेला राजा होता. मुलांनी तो पाहिला आणि पक्का लक्षात ठेवला. प्रत्यक्षात या संस्कृतीच्या शहरांत निर्विवाद राजवाडा म्हणता येईल अशी एकही इमारत सापडलेली नाही. 'पुरोहित राजा' म्हणतात तो पुतळा जेमतेम 17.5 सेंटिमीटरचा आणि त्याचं ते नावही आधुनिक काळात पडलेलं. चित्र थांबवून "हा भाग कल्पनेचा आहे" असं त्याच क्षणी सांगता आलं असतं तर प्रश्न नव्हता. नंतर फळ्यापाशी उभं राहून सांगितलं तर डोळ्यांनी पाहिलेला राजा काही पुसला जात नाही.

व्हिज्युअलायझरखाली माझं बोटही पडद्यावर दिसतं. मी मुलांना साबणाच्या वडीवर कर्कटकाच्या टोकाने एका हडप्पा मुद्रेवरची चिन्हं कोरायला देतो. मूळ मुद्रा बहुतेक स्टीअटाइट या मऊ दगडाच्या असत, त्यामुळे साबणावर ते कोरकाम बऱ्यापैकी जमतं. मग एकेक मुद्रा कॅमेऱ्याखाली शाडूच्या मातीवर दाबायची. ठसा उलटा उमटतो तेव्हा सगळा वर्ग एकदम बघत असतो. डावीकडून कोरायला घेतलेल्या मुलांची जागा शेवटी संपलेली असते. ते शेवटचं चिन्ह ठशात डाव्या टोकाला दाटीवाटीने बसतं. तेवढ्यात मी खऱ्या ठशाचं छायाचित्र शेजारी सरकवतो. तिथेही डाव्या टोकाला तशीच दाटी! ही लिपी बहुधा उजवीकडून डावीकडे लिहीत, असं अभ्यासक मानतात, त्यामागचा हा एक पुरावा. लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही, पण तिच्याबद्दलचा एक तर्क आपण स्वतः केला याचा मुलांना झालेला आनंद मी पाहिला आहे. गॉगल वापरून हे मला कधी साधलं नाही.

शिवाय व्हिज्युअलायझरला बाहेरून काही आणून भरावं लागत नाही. मला मिळालेल्या व्हीआर फितींत दायमाबाद कुठेच नव्हतं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी 1974 साली सापडलेल्या त्या ब्राँझच्या वस्तू, म्हणजे बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मला या धड्यात हव्याच असतात. पुस्तकातलं चित्र कॅमेऱ्याखाली धरलं की झालं.

आकारमानाच्या बाबतीत मात्र व्हिज्युअलायझर लंगडा पडतो, ते मान्य. त्यावर मी मैदान वापरतो. महास्नानगृह सुमारे 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद होतं. तेवढा चौकोन टेपने मोजून फक्कीने आखायचा आणि मुलांना आत उभं करायचं. खोली जवळजवळ अडीच मीटर, म्हणजे सरांच्या डोक्यावरून पाणी जाईल एवढी, हे तिथे लगेच कळतं.

तुमचा वर्ग दहा-बारा मुलांचा असेल किंवा गॉगलमधलं दृश्य पडद्यावरही दाखवता येत असेल, तर माझी तक्रार बरीच हलकी होते. तेव्हा गॉगलचा विचार जरूर करा. भरलेल्या वर्गासाठी मात्र मी व्हिज्युअलायझरच सुचवीन. आधी अजमावून बघायचं असेल तर जुना मोबाइल स्टँडवर उलटा लावून प्रोजेक्टरला जोडला तरी काम भागतं. विकत घेताना फक्त ऑटोफोकस बंद करता येतो ना, ते तपासा. नाहीतर बोट मध्ये आलं की कॅमेरा बोटच स्पष्ट दाखवतो आणि खालची मुद्रा धूसर होते.