ट्रोव्ह, गॅलिका आणि नॉर्वेचं राष्ट्रीय ग्रंथालय: ऑनलाइन काय मिळतं, कुठे अडतं

राष्ट्रीय ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांची ओळख करून दिली जाते ती आकड्यांनी: इतकी कोटी पानं, इतके लाख नकाशे. वाचकाला हवं असतं एकच पान. ते सापडावं, वाचता यावं आणि पाच वर्षांनी त्याच पत्त्यावर पुन्हा मिळावं. या कसोटीवर ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह पहिलं येतं, फ्रान्सचं गॅलिका थोडक्यात दुसरं. नॉर्वेची गोष्ट वेगळी आहे. तिथे अडचण तंत्राची नाही, दाराची आहे.

ट्रोव्ह २००९ पासून सुरू आहे. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग जुन्या वर्तमानपत्रांचा, १८०३ च्या सिडनी गॅझेटपासूनचा. स्वामित्वहक्कामुळे बहुतेक वर्तमानपत्रं १९५४ पर्यंतच मिळतात. कॅनबेरा टाइम्ससारखे मोजके अपवाद पुढे जातात. बातमी उघडली की एका बाजूला पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने, म्हणजे ओसीआरने, वाचलेला मजकूर दिसतो. ट्रोव्हची खरी थोरवी इथेच आहे: आपलं यंत्र चुकतं हे ते लपवत नाही, उलट वाचकालाच दुरुस्ती करू देतं.

दुरुस्ती ओळीओळीने होते. ओळ चित्रावरच्या ठरावीक जागेशी बांधलेली असते, म्हणून एका ओळीतला शब्द दुसऱ्या ओळीत सरकवायचा नाही. मूळ छपाईत चूक असेल तर ती तशीच ठेवायची. आपण यंत्राची चूक काढतोय, संपादकाची नव्हे. कोणी काय बदललं याचा इतिहास राहतो. नवख्यांची नेहमीची गफलत म्हणजे तुटक शब्द जोडून 'शुद्ध' परिच्छेद तयार करणं. त्याने शोधात सापडलेला शब्द चित्रावर भलत्याच जागी उजळतो.

मुळात ओसीआर इतकं चुकतं का? कारण अनेक वर्तमानपत्रं कागदावरून नाही, जुन्या मायक्रोफिल्मवरून, म्हणजे पानांचे बारीक फोटो साठवलेल्या फिल्मवरून, स्कॅन झालेली आहेत. बांधणीच्या घडीत अक्षरं दबलेली, पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई उमटलेली, फिल्मवर ओरखडे. त्यात दोन स्तंभांमधली रेघ पुसट असेल तर यंत्र डाव्या स्तंभातली अर्धी ओळ वाचून थेट उजवीकडे उडी मारतं. म्हणून अवतरणचिन्हांत अख्खं वाक्य घालून शोधू नका. एक अक्षर बिघडलं तरी हाती काही लागत नाही. दोन दुर्मिळ शब्द सुटे टाका, तारखेची चौकट लहान करा, वर्तमानपत्राचं नाव निवडा. जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदींचा आणि जाहिरातींचा वेगळा विभाग आहे. नावाचा शोध तिथून सुरू केला तर निम्मा कचरा आपोआप गळतो.

गॅलिका १९९७ चं, म्हणजे वयाने मोठं, आणि चित्रांच्या बाबतीत सरस. प्रत्येक दस्तऐवजाला 'आर्क' नावाचा कायमचा क्रमांक असतो. दुव्यात त्यापुढे 'एफ' आणि आकडा येतो. हा आकडा छापील पानाचा नसून स्कॅनच्या क्रमाचा असतो. मुखपृष्ठ आणि कोरी पानंही मोजली जातात, त्यामुळे छापील पान १ हे एफ ९ वर असू शकतं. चित्र द्यायची पद्धत आयआयआयएफ या खुल्या मानकाची आहे: पत्त्यात पानाच्या क्रमांकानंतर चार खाने, आधी तुकडा, मग आकार, मग किती अंश फिरवायचं, शेवटी दर्जा आणि फॉरमॅट. पहिल्या दोन खान्यांत 'फुल' लिहिलं की पूर्ण पान पूर्ण आकारात मिळतं. नकाशाचा फक्त कोपरा हवा असेल तर पहिल्या खान्यात चार आकडे द्यायचे: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची, सगळं पिक्सेलमध्ये. बारीक कोरीवकाम पाहायचं असेल तर पीडीएफच्या नादी न लागता हाच मार्ग धरा.

गॅलिकाचा आणखी एक प्रामाणिकपणा आवडतो: मजकूर रूपात उघडल्यावर ओसीआर अंदाजे किती टक्के बरोबर आहे ते वरच सांगितलेलं असतं. तो आकडा मात्र जपून घ्यावा. अठराव्या शतकातल्या छपाईतला लांब 'एस' (ſ, 's' चं जुनं रूप) यंत्राला 'एफ' (f) वाटतो, म्हणून त्या काळातले शब्द शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहावीत. शिवाय बरेच दस्तऐवज नुसती चित्रं आहेत, मजकूर नाहीच. शोधात काही आलं नाही म्हणजे ते संग्रहात नाही, असं समजू नका. बिगरव्यावसायिक वापर स्रोत नमूद करून मोफत. व्यावसायिक वापराला शुल्क पडतं. दोनशे वर्षं जुन्या चित्रासाठी शुल्क का, हा प्रश्न रास्त आहे.

नॉर्वेने २००६ मध्ये जवळजवळ सगळा संग्रह डिजिटल करायला घेतला आणि हक्कधारकांच्या संघटनेशी करार करून स्वामित्वहक्कातली पुस्तकंही वाचायला उघडली. कल्पना उत्तम, पण ही पुस्तकं देशातल्या इंटरनेट पत्त्यावरूनच उघडतात. बाहेरून शोध चालतो, पुस्तक मात्र बंद.

आता पडद्यामागचं. ४० बाय ६० सेंटिमीटरचं वर्तमानपत्राचं पान ४०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ४०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केलं तर सुमारे ६३०० बाय ९४५० पिक्सेल होतात. आठ बिट करड्या छटेत, न दाबलेली फाइल सुमारे ६० एमबी. आठ पानी दैनिकाचे ३०० अंक म्हणजे वर्षाला १४४ जीबी, तीन प्रतींत ४३२. तीन प्रती का? प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे आकडी ठसा, नोंदवलेला असतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीबरोबर घडवलेल्या बॅगइट पद्धतीत फाइली एका फोल्डरमध्ये आणि ठशांची यादी त्याबाहेर साध्या मजकुरात असते. ठसा जुळला नाही तर फाइल बिघडली एवढं कळतं. ती दुरुस्त करायला दुसरीकडे चांगली प्रत लागतेच. आणि ती प्रत त्याच इमारतीत, त्याच यंत्रणेला जोडलेली असून भागत नाही.

प्रती असूनही सेवा कशी कोसळते ते ब्रिटिश लायब्ररीने दाखवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला, सुमारे ६०० जीबी माहिती पळवून उघड केली. ग्रंथालयाने खंडणी दिली नाही. डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या, पण त्या परत चढवायला चालू स्थितीतली यंत्रणाच उरली नव्हती. मुख्य कॅटलॉगमध्ये ऑनलाइन शोधता यायला जानेवारी २०२४ चा मध्य उजाडला. ट्रोव्हवरचं संकट वेगळं, पैशाचं होतं: २०२३ मध्ये निधी संपत आला होता, तेव्हा सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले.

म्हणून कामाचं पान सापडलं की चित्र लगेच उतरवून ठेवा. ब्राउझरमधला शोधनिकालाचा लांबलचक पत्ता टिपू नका. ट्रोव्हमध्ये 'साइट' (Cite, म्हणजे संदर्भ द्या) या बटणाखाली आणि गॅलिकात शेअरखाली कायमचा दुवा मिळतो, तोच फाइलच्या नावात घाला. गॅलिकाच्या पीडीएफला सुरुवातीला माहिती आणि अटींची पानं जोडलेली असतात, त्यामुळे पीडीएफचा क्रमांक, एफ क्रमांक आणि छापील क्रमांक असे तीन वेगळे आकडे हाती येतात. तळटीपेत छापील क्रमांक, दुव्यात एफ क्रमांक. पीडीएफचा आकडा कुठेच नको.