बीटचं बी घ्यायचं तर ‘डेट्रॉइट डार्क रेड’ घ्या, आणि पाल्यासाठीसुद्धा घ्या

कोल्हापुरात अंगणात बीट लावायचा विचार असेल तर मी डोळे झाकून या वाणाचं नाव सांगेन. १८९२ सालापासून बाजारात असलेला हा अमेरिकेतला जुना वाण आहे. संकरित नाही, सरळ वाण. शाहूपुरीतल्या एका बी-बियाण्याच्या दुकानातून पाऊस उघडल्यावर पाकीट आणलं. उगवण चांगली झाली, साधारण दोन महिन्यांत बीट हाताशी आलं आणि कापल्यावर आतून देठापर्यंत गडद लाल निघालं.

तक्रार पाकिटाबद्दल आहे. मागे छापलंय, ‘पेरणी : वर्षभर’. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात वाफ्यात पाणी साचलं की बीटची कोवळी रोपं कुजतात. एप्रिलच्या उन्हात वाढलेलं बीट आतून फिकट पडतं, पांढरी कडी दिसतात, गोडीही कमी. इथे दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत पेरावं. ‘रोपं लावताना’ असंही एक वाक्य त्यावर आहे, पण बीट जागच्या जागीच पेरलेलं बरं. उपटून लावताना सोटमूळ दुखावलं तर बीट वाकडंतिकडं होतं.

फुलेवाडीतल्या आमच्या परड्यात काळी माती आहे. ती पाणी धरते आणि सुकली की दगडासारखी होते, त्यात मूळ फुगायला जागाच राहत नाही. म्हणून वाफा वीतभर उंच केला, त्यात वाळू, शेणखत आणि साखर कारखान्याची जुनी, पूर्ण कुजलेली मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिसळली. ताजी मळी घालू नका, ती आतून तापते. वरून उसाचं पाचट अंथरलं. ओल टिकली पाहिजे, कारण माती एकदा कोरडी, एकदा चिंब अशी झाली की बीट तडकतं.

बी हातात घेतलं तर खडबडीत दाणा दिसतो. ते खरं म्हणजे दोन-चार बियांचं एकत्र फळ असतं, त्यामुळे एका दाण्यातून रोपांचा झुबका येतो. आमच्या पाकिटातल्या बियाण्याला औषध लावलेलं नव्हतं, म्हणून रात्रभर भिजवून पेरलं. (रंगीत, औषध लावलेलं असेल तर भिजवू नका, आणि हात धुवा.) झुबक्यातलं एकच सशक्त रोप ठेवून बाकीची काढायची, दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवायचं. जीव होत नाही काढायला, पण काढलेली रोपं वाया जात नाहीत. ती धुऊन तशीच कोशिंबिरीत घातली.

आता खाण्याबद्दल, कारण माझं या बियाण्यावर प्रेम बसलं ते इथे. कपिलतीर्थ मंडईत बीट बहुतेक पाला कापूनच येतं. घरी पाला मिळतो, आणि तो पालकाच्याच कुळातला. प्रत्येक रोपाची बाहेरची दोनच पानं खुडायची, जास्त खुडली तर खाली बीट फुगत नाही. लाल देठ बारीक चिरून आधी तेलात टाकायचे, मग ठेचलेला लसूण, भिजवलेली मूगडाळ, शेवटी पानं. कोमेजली की झालं. दुसऱ्या दिवशी त्याच पाल्याचा झुणका, बेसन आणि आमच्या घरची कांदा-लसूण चटणी घालून. ज्वारीच्या भाकरीबरोबर हा झुणका मला मेथीच्या झुणक्यापेक्षा जास्त आवडला, हे मी अगदी मनापासून लिहितेय. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पाला बेताने खावा, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

आमच्या सासूबाई बीटला हातच लावत नसत, मातकट वास येतो म्हणून. तो वास सालीत जास्त असतो आणि आंबटपणाने कमी होतो. लिंबाएवढंच असताना उपटलेलं बीट साल काढून किसलं, लिंबू पिळलं, दही, दाण्याचा कूट, हिरवी मिरची, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. वाटीभर खाल्लं त्यांनी, आणि रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या ताटातही मागून घेतलं. उकडायचं असेल तर देठ बोटभर ठेवून, साल न काढता कुकरला लावा, नाहीतर सगळा रंग पाण्यात उतरतो. काहींना बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होते. तो बीटचा रंग असतो, घाबरू नका.

मोठं होऊ देण्याचा मोह मात्र टाळा. वाफ्यात जास्त दिवस राहिलेलं बीट धाग्याधाग्याचं झालं, ते थालीपिठात संपवलं.

बी घरचं धरता येईल का, असं बऱ्याच जणी विचारतात. बीट पहिल्या वर्षी मूळ धरतं आणि कित्येक आठवडे कडक थंडी सोसल्यावरच फुलावर येतं. कोल्हापूरच्या हिवाळ्यात तेवढी थंडी नाही, त्यामुळे बी विकतच घ्यावं लागतं. पण एका पाकिटात अंगणापुरतं पुरून उरतं. उरलेलं घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत फ्रीजमध्ये ठेवा, पुढची दोन-तीन वर्षं ते नीट उगवतं. डबीवर सालाची चिठ्ठी लावायला विसरू नका.