सर्व्हरसाठी यूपीएस: ऑफलाइन, लाइन इंटरॅक्टिव्ह की ऑनलाइन?

यूपीएस घेताना बहुतेक जण बॅकअपची मिनिटं विचारतात. मी त्याआधी मिलिसेकंद विचारतो. वीज गेल्यापासून बॅटरीचा पुरवठा सुरू होईपर्यंत जी फट राहते, ती सर्व्हरने निभावली तरच पुढच्या मिनिटांना अर्थ.

ऑफलाइन यूपीएस वीज असताना तीच वीज जशीच्या तशी पुढे सोडतो आणि ती गेली की रिले बदलून बॅटरीवर येतो. यात साधारण 4 ते 10 मिलिसेकंद जातात. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण 12 ते 17 मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे कागदावर भागतं. पण स्वस्त मॉडेल बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे विजेची गुळगुळीत लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय तिच्यावर बिथरतात आणि यूपीएस शेजारी असूनही सर्व्हर धाडकन बंद पडतो. राउटर, मोडेम, छोटा नेटवर्क स्विच यांना ऑफलाइन पुरतो. सर्व्हर त्यावर लावू नये.

लाइन इंटरॅक्टिव्हमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. व्होल्टेज खाली-वर झालं तर तोच सावरून घेतो, बॅटरी खर्ची पडत नाही. दिवसातून दहा वेळा दिवे मंद होणाऱ्या जागी एवढ्यानेच बॅटरीचं आयुष्य वाढतं. एक-दोन सर्व्हर, एक नॅस (नेटवर्कवरचं स्टोरेज) आणि एक स्विच एवढाच पसारा असेल तर शुद्ध साइन वेव्ह देणारा लाइन इंटरॅक्टिव्ह घ्या, असं मी सांगेन.

ऑनलाइन यूपीएस एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी करत राहतो. इन्व्हर्टर सतत चालू, त्यामुळे वीज गेली तरी फट शून्य. बदल्यात किंमत जास्त, पंख्याची घरघर चोवीस तास, आणि 5 ते 10 टक्के वीज उष्णता होऊन जाते. ती वाचवायला कोणी ‘इको मोड’ चालू करतं. मग तो जवळपास ऑफलाइनसारखाच वागतो, म्हणजे जास्तीचे पैसे कशाला दिले हा प्रश्नच. ऑनलाइनची खरी गरज जनरेटर असलेल्या जागी. जनरेटरची फ्रीक्वेन्सी हलली की लाइन इंटरॅक्टिव्ह ती वीज नाकारतो आणि बाहेर जनरेटर धडधडत असताना आत बॅटरी संपत जाते. ऑनलाइन ती फ्रीक्वेन्सी पचवतो.

आकाराचं म्हणाल तर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) बघून फसू नका, वॅट बघा. 1000 व्हीएचा छोटा यूपीएस 600 वॅटचाच असू शकतो. लेझर प्रिंटर मात्र कुठल्याही यूपीएसला जोडू नका.

लेड-ॲसिड बॅटरी 25 अंशांपर्यंत 3 ते 5 वर्षं चालते. तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं. रॅक कोंदट, गरम खोलीत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा जास्तीचा खर्च वसूल होतो. मात्र मूळच लिथियमसाठी बनवलेला यूपीएस घ्या. लेड-ॲसिडच्या चार्जरवर लिथियम चढवू नका.

आता मिनिटांकडे. ती हवीत सर्व्हर नीट बंद व्हायला. यूपीएस यूएसबीने एका सर्व्हरला जोडायचा आणि ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ या मोफत सॉफ्टवेअरने बाकीच्यांना नेटवर्कवरून बंद होण्याचा निरोप द्यायचा. हे सगळं मी एकदा मन लावून बसवलं, पण स्विच राहिला भिंतीच्या सॉकेटवर. वीज गेली तसा स्विचही गेला. यूएसबीवाला सर्व्हर व्यवस्थित बंद झाला. उरलेल्या दोघांना निरोपच मिळाला नाही, ते बॅटरी संपेपर्यंत चालले आणि मग पडले. त्यानंतरची अर्धी रात्र डेटाबेस सावरण्यात गेली. तेव्हापासून माझ्याकडे स्विच यूपीएसवर असतो आणि सर्वांत शेवटी बंद होतो.

जोडणी झाली की एकदा वीज तोडून बघाच. पण पिन उपसू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. बोर्डावरचं बटण बंद करा.