लोखंडाचा आवाज बंद ठेवू नका : मेटल डिटेक्टर, आठ महिने, मुंबईचे किनारे

माझ्या मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची, वाळूवरून फिरवायची चकती, विक्रेत्याकडे तपासायला पाठवली होती; ती १९ दिवसांनी परत आली. खोक्यात एक चिठ्ठी, ‘तपासणीत दोष आढळला नाही’, आणि सोबत तपासणीचं साडेसातशे रुपयांचं बिल. जाता-येता कुरिअरचे ४१० रुपये माझ्याच खिशातून. मशीन वॉरंटीत आहे, दोष नाही असं तुम्हीच म्हणता, मग तपासणीचे पैसे कसले, यावर विक्रेत्याशी तीन वेळा फोनवर भांडलो. पैसे मिळाले नाहीत. एक स्टार कापलाय तो त्यांच्यासाठी. मशीनबद्दलचं माझं मत मात्र या आठ महिन्यांत दोनदा बदललं.

मशीन साधं आहे : १२ किलोहर्ट्झची एकच फ्रिक्वेन्सी, ११ इंची डीडी कॉइल (आत ‘डी’ आकाराची दोन वेटोळी), पडद्यावर वस्तूच्या धातूचा अंदाज देणारे ० ते ९९ आकडे. फेब्रुवारीत घेतलं. जुहू, अक्सा आणि गोराई हे माझे नेहमीचे किनारे. आठवड्यातून दोनदा, ओहोटीची वेळ बघून, पहाटे.

पहिले दोन महिने मी या मशीनला शिव्याच घातल्या. आकडा ठरत नव्हता. एकाच जागी १२, मग ६४, मग ५, मग काहीच नाही. व्हिडिओंमध्ये बघावं तर लोक छान ८५ चा आकडा आला की खणतात आणि चांदीचं नाणं काढतात. माझ्याकडे ८५ यायचा तो गंजलेल्या खिळ्याचा.

त्या व्हिडिओंमुळेच मी मशीनला लोखंड पूर्ण गाळायला सांगितलं होतं आणि लोखंडाचा आवाज, म्हणजे खाली लोखंड आहे हे सांगणारा घोगरा सूर, तोही शून्यावर ठेवला होता. दोन महिन्यांत मिळाली फक्त पाच रुपयांची पितळी नाणी आणि ढीगभर कॅनच्या रिंगा. एक रुपया एकही नाही! जुहूच्या वाळूत एक रुपया नाही हे पटण्यासारखं आहे का? घरी फ्रिजवरचं लोहचुंबक नाण्यांच्या डब्यात घातलं तेव्हा प्रकाश पडला. रुपया चटकन चिकटला. १९९२ पासून आपला रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे बहुतेक लोखंड आणि बाकी क्रोमियम. दोन रुपयांचं नाणंही पुढे त्याच धातूचं झालं. व्हिडिओतली नाणी तांब्याची, चांदीची. लोखंड गाळा हा त्यांचा सल्ला मी इथे पाळत होतो, म्हणजे पायाखालचा रुपया मीच मशीनला लपवायला सांगत होतो.

त्या दिवशी लोखंडाचा आवाज चालू केला, आणि हे दुसरंच मशीन झालं. हे एक सेटिंग नसतं तर मी मशीन केव्हाच विकून टाकलं असतं. कंपनीने ते मुळात बंद का ठेवलंय मला कळत नाही. माहितीपुस्तिकेत त्यावर जेमतेम दीड ओळ आहे.

कान देऊन ऐका. कॉइल लक्ष्यावरून नेताना आधी कडेला जाड, घोगरा आवाज येतो, मध्ये उंच चिवचिवाट, आणि बाहेर पडताना पुन्हा घोगरा. घोगरा आवाज बंद ठेवला की उरतो फक्त तो मधला चिवचिवाट, आणि माणूस चांदी समजून गुडघे टेकतो. बाटलीचं पत्र्याचं बूच नेमकं असंच फसवतं. आडवा पडलेला खिळाही फसवतो, पण त्याची खूण वेगळी : त्याच्याभोवती पाव वर्तुळ चालून दुसऱ्या दिशेने कॉइल फिरवली की चांगला आवाज पार नाहीसा होतो, किंवा वीतभर बाजूला सरकतो. अंगठी चारही दिशांनी सारखीच वाजते.

बुचासाठी मी आता एक गोष्ट न चुकता करतो. लक्ष्यावर कॉइल इवलीशी डावी-उजवी हलवत हळूहळू स्वतःकडे ओढायची, म्हणजे वस्तू कॉइलच्या मध्यातून पुढच्या टोकाखाली जाते. बूच असेल तर टोकाशी येता येता आकडा कोसळतो आणि घोगरा आवाज लागतो. पितळी पाच रुपयांचा आकडा, माझ्या मशीनवर ६३ ते ६५, शेवटपर्यंत टिकतो आणि मग आवाजच थांबतो.

पण रुपया? रुपया बुचासारखाच वागतो. दोघेही चपटे, गोल आणि लोखंडी. मशीनने करावं तरी काय? ओळखायची युक्ती मला आठ महिन्यांत सापडली नाही. चिल्लर हवी असेल तर दोन्ही खणा, दागिना शोधत असाल तर दोन्ही सोडा. चिल्लरीचा हिशेब वहीत आहे : आजवर ८६७ रुपये.

आता कॉइलचं. एप्रिलमध्ये ओल्या वाळूवर मशीन आपोआप ओरडायला लागलं, कॉइलच्या प्रत्येक झोक्याच्या डाव्या टोकाला. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीची मशीनं ओल्या पट्ट्यात बडबडतात हे मला माहीत होतं. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) दोन पायऱ्या खाली आणली, किनाऱ्यासाठीचा बीच मोड लावला, ग्राउंड बॅलन्स (मशीन जमिनीशी जुळवून घेणं) पुन्हा केला. तरी तेच. म्हणून कॉइल पाठवली. ती दोषमुक्त होऊन परत आली आणि पहिल्याच पहाटे अक्सावर पुन्हा ओरडली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. घरी आल्यावर मोरीत बसून कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर निखळवलं. आत चहाचे दोन चमचे भरतील एवढी काळी वाळू, मिठाने घट्ट बसलेली. चुंबक फिरवलं तर निम्मी वाळू केसासारखी उभी राहून चिकटली. आपला दगड बेसॉल्ट, त्यातलं मॅग्नेटाइट ते. ओली असताना ही वाळू कव्हरच्या आत इकडून तिकडे सरकत होती आणि मशीन तिलाच वस्तू समजत होतं. कुरिअरमध्ये ती सुकली, म्हणून त्यांच्या टेबलावर सगळं शांत. कव्हर काढून धुवा, एवढं एक वाक्य फोनवर सांगितलं असतं तर माझे अकराशे साठ रुपये वाचले असते. आता दर फेरीनंतर कव्हर गोड्या पाण्यात धुतो. केबलही दांड्याला घट्ट गुंडाळा, लोंबती राहिली तर त्यानेही खोटे आवाज येतात.

दुसऱ्यांदा मत बदललं ते सप्टेंबरमध्ये. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून मजल्यावरच्या वहिनी जुहूहून परतल्या, आणि लिफ्टमध्ये लक्षात आलं की गळ्यात मंगळसूत्र नाही. रात्री दहाला त्यांचे सासरे दारात आले. म्हणाले, “तुझं ते मशीन घेऊन येशील का रे?” ओहोटी पहाटेची होती. पाटावरची मूर्ती कुठे उतरवली, आरती कुठे केली, हे वहिनींना नीट आठवत होतं, म्हणून साधारण वीस पावलांची जागा ठरली.

मंगळसूत्र शोधायला फार कठीण, कारण सोन्याची साखळी मशीनला साखळी म्हणून दिसतच नाही. धातूत प्रवाह गोल फिरला तर सिग्नल मिळतो, आणि साखळीत तो एकेका कडीपुरताच फिरतो. त्या कड्या इवल्याशा. काळे मणी तर काचेचे. उरल्या दोन वाट्या, पातळ पत्र्याच्या, आतून पोकळ. पातळ सोनं आणि चॉकलेटची चांदी यांचा आकडा एकच येतो, वीस ते तीसच्या मधला. गेले सहा महिने मी तो आकडा कागद म्हणून सोडत आलो होतो. (जोडव्यांचंही असंच. चांदी असूनही आकडा खाली येतो, कारण जोडवं एका बाजूला उघडं असतं आणि प्रवाहाचं वर्तुळ तुटतं.)

त्या पहाटे ठरवलं, विशी-तिशीतला एकही आवाज सोडायचा नाही. सासरे चाळणी धरून, मी फावड्याने. चॉकलेटचे कागद, अगरबत्तीच्या पुड्यांचे चंदेरी तुकडे, एक गोळ्यांचं पाकीट. कागदाचा आकडा कॉइलच्या दर झोक्याला दोन-चारने हलतो आणि आवाज कडेला फाटतो. चाळिसाव्या खड्ड्याच्या आसपास एक आवाज आला, हलका पण गोल, २५, २५, २६, उलट दिशेनेही २५. वीतभर खोल. चाळणीत वाळू निथळली आणि दोन वाट्या, मधल्या तारेचा तुकडा आणि पाच-सहा मणी राहिले. सासऱ्यांनी ते रुमालात घेतलं आणि तिथेच वाळूत बसले. बाकीची साखळी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो, मिळाली नाही.

बाकी थोडक्यात. बॅटरी एका चार्जमध्ये माझ्या चार फेऱ्या पुरते. हेडफोन स्वस्तातले घ्या, खारी हवा त्यांना वर्षभर टिकू देत नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, तेव्हा जड वस्तू वर येतात. माझ्या नोंदीतला सर्वात चांगला महिना ऑगस्ट. वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित जागी मशीन नेऊ नका. आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आजही लागू आहे. कोणाचा दागिना सापडला तर आधी त्याचा माणूस शोधा.

चार स्टार. कॉइल पुन्हा बिघडलीच तर दुसऱ्या दुकानातून नवी घेईन, त्या विक्रेत्याकडे पाठवणार नाही. येत्या अमावस्येच्या ओहोटीला त्याच वीस पावलांत पुन्हा जाणार आहे. साखळीचा फासा (ती अडकवायची कडी) जाडसर होता असं वहिनी म्हणतात, आणि फाशाचा आकडा येऊ शकतो.