पट्टा मालकाच्याच हाती ठेवणारा श्वान प्रशिक्षण वर्ग

मालकाने स्वतः हजर राहिलेच पाहिजे, अशी अट असलेला श्वान प्रशिक्षण वर्ग आम्ही आमच्या कुत्रीसह नुकताच पूर्ण केला. कुत्रे प्रशिक्षकाकडे ठेवून काही आठवड्यांनी शिकवून तयार झालेले घरी आणावे, अशीही सेवा मिळते. परंतु तिथे ते प्रशिक्षकाचे ऐकायला शिकते आणि घरी पट्टा धरणारा माणूस पूर्वीइतकाच साशंक राहतो. या वर्गात पट्टा पहिल्यापासून मालकाच्याच हाती असतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल यातच आहे.

पहिला धडा कुत्र्यांविना होतो. प्रशिक्षिका हातातला चेंडू सोडतात आणि तो जमिनीला टेकताक्षणी आपण क्लिकर, म्हणजे दाबले की ‘टक्’ असा आवाज करणारे हातातले छोटे साधन, वाजवायचा असतो. सराव क्षुल्लक वाटतो, पण पुढचे सारे शिक्षण याच अचूकतेवर उभे आहे. कुत्रे बसले की त्याच क्षणी क्लिक आणि पाठोपाठ खाऊ. तोच क्लिक ते उठू लागल्यावर झाला, तर बक्षीस बसण्याला नव्हे, उठण्याला मिळते. हे उमगल्यावर ‘आमचे कुत्रे ऐकतच नाही’ ही तक्रार बरीच निवळते, कारण आपण त्याला नेमके काय शिकवत आहोत, हे आपल्याला दिसू लागते.

आपणच टोळीचे म्होरके आहोत हे ठसवण्यासाठी पट्ट्याला हिसका देणे किंवा कुत्र्याला उताणे दाबून धरणे, या प्रकारांना इथे थारा नाही, हे मला विशेष आवडले. त्यामागची समजूत रुजली ती बंदिवासातल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून, विशेषतः प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या अभ्यासातून. पण लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडले की रानातली टोळी बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंबच असते; म्हणजे म्होरकेपण ठसवण्याच्या त्या समजुतीचा आधारच डळमळतो.

आमची कुत्री रस्त्यात दुसरे कुत्रे दिसले की भुंकत सुटे. तिला समोरचे कुत्रे दिसते, तरीही ती आपल्या हातचा खाऊ घेते, इतके अंतर आधी शोधायचे आणि मग ते हळूहळू कमी करायचे, ही रीत इथे शिकवली गेली. ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे, मान वळवणे या अस्वस्थतेच्या खुणा ओळखता येऊ लागल्यावर भुंकण्याआधीच वाट बदलता येते, आणि फिरायला निघताना मनात असणारी धाकधूकही ओसरते.

त्रुटीही आहेत. बंदिस्त जागेत शिकलेले मोकळ्या रस्त्यावर पक्के करून घेण्यासाठी दिलेला वेळ फारच अपुरा आहे, आणि खाऊ टप्प्याटप्प्याने कमी कसा करावा, हा अवघड भाग घाईने उरकला जातो. चावणाऱ्या किंवा अतिशय भेदरलेल्या कुत्र्यासाठी असा सामूहिक वर्ग योग्य नाही. त्याला आधी पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे, कारण दुखण्यामुळेही वागणे बदलते, आणि नंतर स्वतंत्र मार्गदर्शन घ्यावे.