एक हॅकमन, दोन दांडगे: आधी कोणाला भेटाल?

वर्दीच्या किंवा पैशाच्या जोरावर अख्खं गाव मुठीत ठेवणारा दांडगा माणूस हा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉय-पिस्तुलांच्या सिनेमाचा जुना ठेवा आहे. त्यातला एकच सिनेमा पाहायला वेळ असेल तर माझ्या मते निवड दोघांतून करावी: क्लिंट ईस्टवुडचा ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) किंवा सॅम रायमीचा ‘द क्विक अँड द डेड’ (१९९५). गंमत अशी की दोन्हीकडे गावाच्या मानगुटीवर बसलाय तो अभिनेता जीन हॅकमनच.

‘द क्विक अँड द डेड’मधला जॉन हेरड हा खलनायक आहे आणि त्याला ते पक्कं ठाऊक आहे. रिडेम्प्शन गावात तो पिस्तुलबाजीची स्पर्धा भरवतो. घड्याळाचा ठोका पडला की गोळी झाडायची. गावकरी लपूनछपून वर्गणी काढून त्याला मारायला एक नेमबाज आणतात. हेरड त्याला लोळवतो आणि वर गावालाच सुनावतो की एवढे पैसे असतील तर तुमचा कर वाढवायला हवा! तिरके कॅमेरे, डोळ्यांवर जाणारे झूम, गोळीच्या भोकातून आरपार येणारं ऊन. रायमीला वास्तवाशी देणंघेणं नाही. सूड घ्यायला आलेली शॅरन स्टोन, धर्मोपदेशक झालेला जुना गुंड रसेल क्रो आणि कोवळा लिओनार्डो डिकॅप्रिओ, अशी भट्टी असूनही सिनेमा तेव्हा तिकीटबारीवर आपटला. पावणेदोन तासांत संपतो, कंटाळा येत नाही. स्टोनच्या पात्राला मात्र लेखनाने फार काही दिलेलं नाही.

‘अनफर्गिव्हन’मधल्या लिटल बिल डॅगेटला विचारलंत तर तो सांगेल, मी सरळ माणूस आहे. लाच खाताना तो दिसत नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या बिग व्हिस्की गावाचा हा शेरीफ (पोलीसप्रमुख) स्वतःच्या हाताने घर बांधतोय, आणि सुतारकाम इतकं दिव्य की छप्पर गळतं. गावात एक काउबॉय वेश्येचा चेहरा चाकूने विद्रूप करतो. बिल शिक्षा काय करतो? त्या काउबॉयने आणि त्याच्या साथीदाराने सलूनच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, मालकाला घोडे द्यायचे. नुकसान मालकाच्या ‘मालाचं’ झालं ना! बाईच्या पदरात काहीच नाही. मग तिथल्या बायका स्वतःच पैसे जमवून १,००० डॉलरचं इनाम लावतात आणि विल्यम मनी हा डुकरं पाळणारा म्हातारा मारेकरी पुन्हा घोड्यावर चढतो (चढतानाही पडतो).

बिलची गावात बंदूकबंदी आहे. ही पटकथाकाराची कल्पना वाटेल, पण अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात १८८१मध्ये असा नियम खरोखर होता आणि ओके कोरलच्या प्रसिद्ध चकमकीचं (पोलीस आणि काउबॉय यांच्यातल्या गोळीबाराचं) ते एक निमित्त ठरलं. कायदा ठीकच, पण तो मोडणाऱ्या, इनामासाठी आलेल्या इंग्लिश बॉब या नेमबाजाला बिल भररस्त्यात लाथांनी तुडवतो, तेव्हा गाव गप्प उभं असतं. कुंपणच शेत खातं ते असं. हेरडची भीती सिनेमापुरती वाटते. बिलसारखा माणूस मात्र कुठल्याही कचेरीत भेटू शकतो, म्हणून तो जास्त अंगावर येतो. या भूमिकेसाठी हॅकमनला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संकलन धरून सिनेमाला एकूण चार.

सव्वादोन तासांच्या आसपासचा हा सिनेमा संथ आहे. पहिला तासभर पाऊस, चिखल आणि गप्पा. शुक्रवारी रात्री मित्रमंडळी जमली असतील, कोणी मध्येच चहा करायला उठणार असेल, तर बेलाशक रायमीचा लावा. एकट्याने, फोन बाजूला ठेवून पाहणार असाल तर ईस्टवुडचाच. लहान मुलांसोबत दोन्ही नकोत.

दोन्ही पाहायचं ठरलंच तर क्रम उलटा करू नका, ‘क्विक’ आधी पाहा. कारण ‘अनफर्गिव्हन’मध्ये तुरुंगात बसून लिटल बिल एका लेखकाला समजावतो की झटकन पिस्तूल काढण्यापेक्षा डोकं शांत ठेवून नेम धरणं महत्त्वाचं. ते ऐकल्यावर हेरडची सगळी स्पर्धाच पोरकट वाटायला लागते.